तेरा सुलट, अकरा उलट

१८ जानेवारी १९८७, रविवार
मदन महल भागात शरयू काकूंकडे हळदीकुंकू. कुंदा आत्याला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, म्हणून पोचवायला मी. ओट्यावर बसलो होतो. आत आत्या सगळ्या बायकांना सांगत होती, आमच्या शरदले छंद हाय हो मोठा, एक दिवस सोडत नाही. म्हणजे मला, विणकामाचा. पण ते सांगायच्या आत वाण वाटायला लागले.

मग काकूंची मुलगी सुनेत्रा तिळगूळ घेऊन बाहेर आली. आमच्याच कोचिंगमध्ये आहे. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीच. आणि हिंदीत छंद म्हणजे कविता! अच्छा, आप छंद लिखते हैं, म्हणाली आणि एवढे मोठे डोळे केले. मी हो म्हणालो.

हे खोटं नव्हे. गैरसमज तिचा. मी फक्त सहमत झालो.

२० जानेवारी
कोचिंग सुटल्यावर सुनेत्रासोबत सदर बाजारात. प्रगती! लोकरीच्या दुकानाबाहेर रिटायर्ड फौजी तुळशीराम काका मोजे विणत बसले होते. सुनेत्राला हसू फुटलं. मर्द होके बुनाई, म्हणाली. मी तिच्याहून मोठ्याने हसलो. काकांनी वर पाहिलं, पुन्हा सुयांकडे पाहिलं. मोज्याची टाच वळवायला मला त्यांनीच शिकवलं आहे.

संकल्प : आजपासून विणकाम बंद. सुया बॅडमिंटनच्या कव्हरमध्ये. (आपल्याकडे रॅकेट नाही, पण हे अजून कोणी विचारलेलं नाही.) क्रोशाची सुई फक्त खिशात ठेवली. आठवण म्हणून.

२१ जानेवारी, सकाळ
एक अडचण. आत्याचं नागपूरला ऑपरेशन, ९ फेब्रुवारीला निघायचं. निळी शाल मी तिला कबूल केली आहे, दिवाळीपासून. अर्धी झाली आहे. तिचे हात आखडतात, नाहीतर तीच विणती. मला सुया धरायला शिकवलं तिनेच, मी सात वर्षांचा होतो.

काळजी नको. एकोणीस दिवस म्हणजे पुष्कळ.

२४ जानेवारी
हिंदीच्या पुस्तकात दोहा पाहिला. तेरा मात्रा, मग अकरा. एवढंच? आपण जन्मभर टाकेच मोजले आहेत. तेरा सुलट, अकरा उलट. रविवारपर्यंत कवी होऊन जाऊ.

संध्याकाळी ६. एकही ओळ सुचली नाही. हात रिकामे असले की मला सुचत नाही, म्हणून सुया घेतल्या. अठरा ओळी झाल्या. सगळ्या शालीच्या. याला विणकाम धरायचं नाही, हे चिंतन.

२७ जानेवारी
संकट. सुनेत्राला माझ्या बाहीवर निळी लोकर दिसली. घाईत मांजराचे केस आहेत म्हणालो. नीली बिल्ली, असं तिने विचारलं. शेजाऱ्यांची आहे, म्हणालो. ती बिल्ली बघायला येणार आहे.

शाल पिशवीसकट माळ्यावर टाकली. आत्याला सांगितलं, लोकर संपली, दुकानात तो निळा नाही. तिने हाताने पिशवी चाचपली होती सकाळीच. आत लोकरीचे चार गुंडे आहेत.

३ फेब्रुवारी, वसंत पंचमी
कोचिंगमध्ये सरस्वतीपूजा. दोहा वाचला. तेरा-अकरा चोख. अर्थ नव्हता. सुनेत्रा म्हणाली, बहुत गहरा है. टाळ्या तिच्या एकटीच्या, पण भरपूर.

घरी पेढे नेले. आत्याला दिला. तिने विचारलं, कशाचा रे? मी दुसरा पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. गोड लागला नाही मला.

५ फेब्रुवारी
आत्याने आज जवळ बसवलं. काहून रे, म्हणाली, तुले लाज वाटून राहिली काय? वाटू दे. मी नाही सांगणार कोणाले. मग माळ्यावरची पिशवी मागितली. काढून दिली. दुपारभर ती बोटांनी चाचपून विणत होती, दर चार टाक्यांनी हात चोळत. मी समोर पुस्तक धरून बसलो होतो. केमिस्ट्री. पान उलटलं नाही.

तिला तेवढाच टाइमपास, असं मनाला सांगितलं. मनाने ऐकलं नाही.

९ फेब्रुवारी
दुपारची गाडी, मदन महल स्टेशन. आत्यासोबत बाबा जाणार. शरयू काकू आणि सुनेत्रा सोडायला आल्या होत्या. आत्याने तीच शाल पांघरली होती. तिनेच पुरी केलेली. खांद्याजवळ एक टाका सुटला होता आणि ओळीओळीने खाली उसवत आला होता. चांगला चार बोटं.

सुनेत्रालाच आधी दिसलं. अरे, फंदा छूट गया, किसी को आता है क्या उठाना, म्हणाली आणि सगळ्यांकडे बघत राहिली. क्रोशाची सुई माझ्या खिशात. दोन मिनिटांचं काम. गाडीला पाच मिनिटं होती.

आत्या म्हणाली, राहू दे बेटा, नागपूरले कोणीतरी उचलून देईल. हे सुनेत्राला म्हणाली, पण तोंड माझ्या बाजूला होतं. मी कुठे उभा आहे हे तिला दिसत नव्हतं, तरी बरोबर ठाऊक होतं.

मी खिशातली सुई घट्ट धरून उभा राहिलो. गाडी गेली.

परत येताना सुनेत्राचे डोळे ओले होते. बेचारी, म्हणाली, इतनी ठंड में फटी शाल. शरद, तुम इस पर एक छंद लिखो ना.

संध्याकाळी ५. बसलो आहे. एकही ओळ झाली नाही. कसलीच.