आईच्या टीव्हीचा तुलनात्मक तक्ता

९ जानेवारी २०११, रविवार. मुळगाव.
ऑफिसातून मिळालेली डायरी आजपासून सुरू. पहिले आठ दिवस कोरे गेले. जाऊ देत.

निश्चय: मोठा टीव्ही घ्यायचा. आईसाठी. आमचा एकवीस इंची डबा आता कामातून गेला. आई म्हणते, सगळें धुकें दिसता. खुर्ची ओढत ओढत तिने इतकी पुढे नेली आहे की गुडघे टीव्हीला लागतात. पिक्चर ट्यूब गेली, दुसरं काय! मला लांबून अगदी स्पष्ट दिसतं, पण माझी नजर पहिल्यापासून चांगली.

माझ्या बायकोचं, देवकीचं म्हणणं, आईंना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणूया. तिला सांगितलं, एका वेळी एकच काम हातात घ्यावं.

धाकटा भाऊ जयराम धारगळला राहतो. त्याच्याकडे बत्तीस इंची एलसीडी आहे. गणेशचतुर्थीला तो सहकुटुंब इथे येईल तेव्हा आपल्या भिंतीवर बेचाळीस हवा. आईसाठीच.

१६ जानेवारी, रविवार
डिचोली बाजारात सगुणच्या दुकानात गेलो. तीन टीव्ही शेजारी शेजारी चालू. एलसीडी, प्लाझ्मा, एलईडी. तिन्हींवर एकच पोपट. एलसीडीतला पोपट मलूल. प्लाझ्मातला भारदस्त, काळा रंग खरोखर काळा. एलईडीतला नुकताच रंगवल्यासारखा. पावणेदोन तास उभा राहून निरीक्षण केलं. सगुण शेवटी कंटाळून म्हणाला, सायबा, खंयचोय घे, पोपट एकूच. कुठलाही घे म्हणे! अज्ञान! असल्या माणसांच्या हातात विक्री आहे.

चोवीस वर्षं सरकारी ऑफिसात खरेदीचं टेबल सांभाळतो आहे. खुर्च्या असोत की डिंकाच्या बाटल्या, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, शेरा, सही आणि मग ऑर्डर. घरी नियम वेगळे का असावेत?

२ फेब्रुवारी, बुधवार
तक्ता सुरू. चौदा कॉलम. कॉन्ट्रास्ट रेशोपाशी अडलो. एक कंपनी म्हणते वीस लाखास एक. दुसरी म्हणते पन्नास लाखास एक. हा एक म्हणजे नेमका काय, ते कोणीच लिहीत नाही. दोन कंपन्यांना पत्रं टाकली.

आज आईने चहा कपात न ओतता बशीच्या बाहेर ओतला. हॉलमधला उजेड कमी पडतो. दुसरी ट्यूब लावून घेणे.

१९ फेब्रुवारी, शनिवार
वर्ल्ड कप आजपासून. फायनलच्या आधी टीव्ही भिंतीवर. हा माझा शब्द! पुन्हा लिहितो: फायनलच्या आधी.

ट्यूब लावून घेतली. आईला काही फरक नाही. म्हणाली, माका सारकेंच. उजेडाचा प्रश्न नव्हता तर. ट्यूब मागे पडली, पिक्चर ट्यूब पुढे आली. माझं पहिलंच निदान बरोबर.

६ मार्च, रविवार
आज वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं की एलईडी म्हणजे एलसीडीच. मागचा दिवा तेवढा बदलला आणि नाव बदलून मोकळे झाले! म्हणजे दोन महिने मी ज्या दोन प्रकारांची तुलना करतोय ते सख्खे भाऊ निघाले.

दुपारभर पडून राहिलो. देवकीने कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही म्हणाली. खरं कारण तिला कसं सांगणार?

२ एप्रिल, शनिवार
टीव्ही न आल्यामुळे फायनल बघायला सगळे जयरामकडे धारगळला. जिंकलो! पोरं अंगणात नाचली, जयराम लुंगी सावरत नाचला. मी बसूनच होतो. त्याच्या एलसीडीत काळा रंग करडा दिसतो. रात्रीचं आकाश अगदी राख. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, दादा, कप मिळाला रे, तू आकाश काय बघतोस?

आई त्याच्या टीव्हीपासून चार फुटांवर होती. प्रत्येक ओव्हरला विचारायची, कोण मारता रे? पुतणी गौरवी तिला सांगायची. यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. बत्तीस इंच म्हातारीला पुरत नाही. बेचाळीस पुरेल का, याचीही शंका येते. तक्त्यात पंधरावा कॉलम: आकार.

१ मे, रविवार
सुट्टीचा सदुपयोग. टेपने हॉल मोजला. भिंतीपासून सोफा नऊ फूट. नऊ फुटांना शेहेचाळीस ते पन्नास इंच योग्य, असं मासिकात आहे. मग शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. टीव्ही जिथे लागणार तिथे कॅलेंडर टांगलं, आईला सोफ्यावर बसवलं आणि विचारलं, आज तारीख किती? ती म्हणाली, कॅलेंडर खंय आसा?

कुठे आहे म्हणून विचारते! कॅलेंडर लहान पडलं. म्हणजे पन्नासच.

देवकी हे सगळं दारातून बघत होती. तिने तेच डॉक्टरचं काढलं. आवाज चढवून. मी म्हटलं, मी हे कोणासाठी करतोय? ती म्हणाली, तेंच माका कळना. कोकणीत बोलली म्हणजे खरंच रागावली आहे.

९ जून, गुरुवार
देवकीने परस्पर म्हापशाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. आजची. नेमकं आज ऑफिसात ऑडिट. गाडी मीच चालवतो, तिला येत नाही. पाऊसही धो धो. पुढच्या आठवड्यात नक्की.

शिवाय पावसाळ्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊ नये. ओल धरते, विजा पडतात, व्होल्टेज नाचतं. तक्त्यात शेरा मारला: खरेदी चतुर्थीपूर्वी, पाऊस ओसरल्यावर. घाई करणाऱ्यांतला मी नाही.

१६ जून, गुरुवार
ऑडिट लांबलं.

२३ जुलै, शनिवार
फार कंटाळा आला आहे. प्लाझ्मा घ्यावा तर वीज खातो, तापतो आणि एकच चित्र फार वेळ राहिलं तर डाग पडतो म्हणे. एलईडी घ्यावा तर बाजूने बघताना रंग उतरतात. आई बाजूने बघते. सरळ समोर बसली तर म्हणते काहीच दिसत नाही, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. आजवर तिची ही सवय कधी लक्षात आली नव्हती. असो. 'व्ह्यूइंग अँगल' हा सोळावा कॉलम झाला.

देवकी हल्ली मला जेवायला वाढते आणि बोलत नाही.

१४ ऑगस्ट, रविवार
तक्ता पूर्ण. प्लाझ्माला एकोणचाळीस गुण. एलईडीला एकोणचाळीस गुण.

तीनदा बेरीज केली. मग सरळ अंघोळ करून देवळात गेलो. आमच्याकडे घर बांधायचं असो, विहीर खणायची असो, पोरीचं लग्न ठरवायचं असो, देवाला प्रसाद लावल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. भट ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी कुठल्या बाजूची पडते त्यावरून देवाचं उत्तर समजायचं. मी म्हटलं, उजवी एलईडी, डावी प्लाझ्मा.

भटाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, राघू, देवाला आता हेंच विचारपाचें उरलां काय? मी म्हटलं, म्हाताऱ्या आईचा प्रश्न आहे. त्याने पाकळ्या लावल्या.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. एकही पाकळी हलेना. मागे रांग लागली, एकाची म्हैस हरवली होती, तो तर रडकुंडीला आला. शेवटी भट म्हणाला, देव प्रसाद देना. तुझ्या घरचें कितें तरी करपाचें रावलां. तें आदीं कर.

वाटेत विचार करत आलो. काय राहिलं असेल? घरी येऊन फाइल उघडली आणि डोक्यात प्रकाश पडला. कोटेशन दोनच आहेत! तिसरं घ्यायचं राहिलं आहे. देवालासुद्धा नियम माहीत. अंगावर काटा आला.

१ सप्टेंबर, गुरुवार. चतुर्थी.
टीव्ही आलेला नाही. तिसरं कोटेशन वेळेवर मिळालं नाही, यात माझा दोष नाही. जयराम आला तो आल्या आल्या टीव्हीसाठी मारून ठेवलेल्या खिळ्यांकडे बघून म्हणाला, दादा, खिळे तर छान मारलेस.

आरतीच्या वेळी एक प्रकार झाला. सगळे मखरासमोर. आई कपाटाकडे तोंड करून उभी. टाळ्या वाजवत होती, आरती म्हणत होती, कपाटाला. मी म्हटलं, गर्दीत चुकली. जयरामने टाळ खाली ठेवले. तिला खांद्याला धरून हळूच वळवलं. मग तो माझ्याकडे बघत राहिला. आरती संपेपर्यंत.

३ सप्टेंबर, शनिवार
काल संध्याकाळी विसर्जन झालं. आज सकाळी जयराम आणि देवकी आईला त्याच्या गाडीतून म्हापशाला डॉक्टरकडे घेऊन गेले. मला कोणी चल म्हटलं नाही. बरंच झालं, निवांत वेळ मिळाला. तिसरं कोटेशन तक्त्यात भरलं.

५ सप्टेंबर, सोमवार
परवा संध्याकाळचं लिहिलं नाही. काल लिहिलं नाही.

मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती फार थोडी, थेंब घालून टिकली तर टिकवायची. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? देवकीने सांगितलं, जानेवारीत मी पहिल्यांदा म्हटलं होतं. जयरामने हे मला अंगणात उभं राहून सांगितलं. घरात आला नाही. तसाच गाडीत बसून गेला.

मीही जानेवारीपासून आईच्या नजरेसाठीच झटतो आहे. हे डॉक्टरला कोणी सांगितलं नसणार.

वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. लाज वाटते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आईला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगलें न्हय रे, धुकें दिसता म्हूण.

१० सप्टेंबर, शनिवार
थेंब दिवसातून दोनदा. मी घालतो. पहिल्या दिवशी दोन्ही थेंब गालावर पडले.

विचार केला. जी थोडी नजर उरली आहे तिला मोठा पडदा दिसेल. निदान माणसं मोठी दिसतील. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. सगुणकडे गेलो. म्हटलं, पन्नास इंची जो असेल तो दे. त्याने विचारलं, प्लाझ्मा की एलईडी? मी म्हटलं, जो असेल तो. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आतून पाणी आणून दिलं.

१८ सप्टेंबर, रविवार
माणसं येऊन टीव्ही भिंतीवर लावून गेली. पन्नास इंच. भिंत भरली.

आईला हाताला धरून आणलं. ती खुर्चीत बसली नाही. भिंतीपाशी गेली आणि पडद्यावरून हात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मध्ये थांबून पुन्हा पहिल्यापासून. म्हणाली, व्हड आसा रे बाबा. खूप व्हड. तिला मोठा वाटला, मला फार बरं वाटलं.

तिची सातची मालिका लागली. देवकी स्वयंपाकघरात होती, म्हणून आईशेजारी मीच बसलो. गाणं संपलं तशी आई म्हणाली, हां, आतां सांग. मी विचारलं, काय सांगू? ती म्हणाली, कोण आयलां, कसलें कापड न्हेसलां, तोंड कशें केलां, तें सांग. देवकी सांगता मरे, सदांच.

देवकी रोज सांगते! कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही. सांगायला लागलो. एक बाई आली आहे. हिरवी साडी. हिरवा रंग फार सुरेख आला आहे. मागे जिना आहे, जिन्याच्या कडा अगदी स्पष्ट. दुसरी बाई आली. तीही हिरवीच, पण जरा गडद.

आई म्हणाली, पयली रडटा काय हांसता?

मी उठून पुढे गेलो. त्या बाईचं तोंड माझ्या तोंडाच्या दुप्पट होतं. एकेक पापणी मोजता आली असती. डोळे ओले होते, ओठ हसल्यासारखे होते. मला सांगता येईना. तेवढ्यात चित्र बदललं.

आईने चाचपून माझा हात शोधला. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, तूं राव, देवकीक आपय.

मी देवकीला हाक मारली. ती हात पुसत आली, माझ्या जागेवर बसली आणि पडद्याकडे न बघताच म्हणाली, आई, थोरल्या सुनेला सगळं कळलंय, पण ती दाखवत नाही. मी आत जाऊन गॅसवरची आमटी ढवळत उभा राहिलो.