पाहुण्यासारखं बसलेलं तेल

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता किती वर्षं झाली. तरी आज लिहायचं ते तुलाच. दुपार आहे. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला पारनेरला आलीय. ती आणि तिची तान्ही मुलगी आत झोपल्यात, आणि माझ्या हातांना सकाळचा एक परका, गोडसर वास अजून येतोय.

तुझ्या हातांना करडईच्या तेलाचा वास असायचा. बेलापुरात कुणाच्या घरी पाळणा हलला की निरोप तुलाच यायचा. भिंतीला टेकून तू पाय लांब करतेस, नडग्यांवर बाळ पालथं घेतेस, वाटीतलं कोमट तेल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघतेस आणि मग सुरू करतेस. शेवटी टाळू भरायची. बोटांनी तेल थापता थापता म्हणायचीस, "बघ कसं पितंय लबाड! आईचं दूध कमी पडतंय का काय ह्येला?" बाळंतीण हसायची. तेल बाळ पितं, असं तू म्हणायचीस. लावतात, चोळतात हे शब्द तुझ्या तोंडी कधी आलेच नाहीत.

म्हणूनच एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी खटका उडाला. शाळेला सुट्टी होती, मी तुझ्याबरोबर आले होते. बाळंतिणीच्या सासूबाईंनी पाण्यासारख्या पारदर्शक तेलाची बाटली पुढे केली. म्हणाल्या, "तुझं ते पिवळं तेल नको हं, झबल्याला डाग पडतात. हे लाव. रेडिओवर डॉक्टर सांगतात." तू थेंबभर तेल बाळाच्या तळपायाला लावलंस, थांबलीस, बोट फिरवून पाहिलंस.

"लेकरू पीत न्हाई हे, वैनी. नुसतं वर बसलंय, पाव्हन्यावानी."

"तुझं ऐकायचं की डॉक्टरचं?"

"डागदर येतोय का मग न्हाऊ घालाया?"

तू बाळ बाळंतिणीच्या मांडीवर ठेवलंस, पदर झटकलास आणि निघालीस. मी तुझ्यामागून जवळजवळ नाचतच चालले होते. वेशीपाशी म्हणाले, "आई, काय झ्याक बोललीस गं तोंडावर!" तू गर्रकन वळलीस. "बोलले म्हून काय झालं? लेकरू ऱ्हायलं ना बिनन्हाऊचं!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बोलावलं नसताना, तू पुन्हा त्या दारात उभी. "आना ती बाटली," म्हणालीस, "पानी निवतंय."

पहिल्या दिवशीच्या तुझ्या त्या एका वाक्यावर मी माझं अर्धं आयुष्य बोलले. पुढे पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की ते पाण्यासारखं तेल जमिनीखालून येतं. ज्या खनिज तेलातून पेट्रोल आणि डांबर निघतं, त्यातूनच ते गाळून घेतात. डबीतली पांढरी जेलीही तिथलीच. मग मला आवरणं कठीण झालं. नेवाशाला, श्रीरामपूरला, जिथे माईक मिळेल तिथे मी विचारलं: आपल्या रानात करडई आहे, तीळ आहे, घरात लोणकढं तूप आहे, मधाच्या पोळ्याचं मेण आहे, मग आपल्या लेकरांच्या अंगाला तेलविहिरीतलं पेट्रोल कशाला? गावातले घाणे बंद पाडून आपल्यालाच बाटल्या विकणाऱ्यांना विचारणार आहोत की नाही? आणि शेवटी तुझं वाक्य. पाव्हन्यावानी! टाळ्या हमखास. त्यातलं एक अक्षरही मी आज मागे घेत नाही.

पण या थंडीत नातीचे गाल तडकले. पायांची कातडी सोलून निघाली. तेलाने लाल पुरळ आलं. डॉक्टरांनी तेल बंद करून साधी पेट्रोलियम जेली लावायला सांगितली. आज सकाळी घरात लेकीने पुण्याहून आणलेली सुवासिक जेलीची डबीच होती, साधी संध्याकाळी येणार होती. मी वाटीत करडईचं तेल कोमट करून उभी होते. नुकत्याच उतरलेल्या घाण्याचं, मुद्दाम आणलेलं. मी सुरू केलं, जमिनीखालून, गाळ, कंपन्या... लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, हे स्टेज नाहीये गं. माझं बाळ आहे. तुला न्हाऊ घालायचं असेल तर घाल, नाहीतर मी घालते." आणि तिला ते येत नाही, आई. पाण्यात हात घालायलाही ती घाबरते. बंबातलं पाणी बादलीत काढून ठेवलेलं, त्यावरची वाफ कमी होत चाललेली, आणि पोर उघडी, आक्रसलेली.

वेशीपाशी तू वळलीस तो तुझा चेहरा तेव्हा समोर आला. मी वाटी खाली ठेवली. भिंतीला टेकून बसले, पाय लांब केले. "आण ती डबी," म्हणाले, "पाणी निवतंय."

न्हाऊ झाल्यावर गालांवर, पायांवर तो पांढरा थर दिला. तू म्हणालीस तसंच झालं, तो आत गेलाच नाही. पाहुणा बसावा तसा वर बसला. पण ओट्यावर, दारातच बसला, आणि थंडीला काही आत येऊ देईना. पोरीने एक जांभई दिली आणि माझ्या नडग्यांवरच झोपली. लेक माझ्याकडे बघत होती.

परवा नेवाशाला सभा आहे. तिथे घाण्याबद्दल बोलेन, कंपन्यांबद्दल बोलेन, नेहमीसारखंच तावातावाने. या वेळी तुझा दुसरा दिवसही सांगेन म्हणते. टाळ्या कमी पडतील, पडू देत.

हे पत्र घडी करून करडईच्या तेलाच्या बाटलीमागे ठेवतेय. एवढंच सांगायचं राहिलं. बोटांना उरलेली जेली पुसायला मी फडकं उचललं होतं. मग दार लोटून घेतलं, आणि ती माझ्याच टाचांच्या भेगांना लावली. बरं वाटतंय गं.