प्लास्टरमधला नायक

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.
आमच्या विनोदी मालिकेत नवा नट आलाय. नायक मी, हा मालिकेत माझा मेहुणा. विनोदाचं अंग शून्य. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? युनिट मात्र हसलं. युनिट कशालाही हसतं.

७ मार्च
मी वाक्य बोलत असताना मेहुण्याने जांभई दिली. स्क्रिप्टमध्ये नव्हती. सगळे खो खो. दिग्दर्शकाला म्हणालो, माझं वाक्य ऐकूच आलं नाही. म्हणाला, हरकत नाही, ते कापतोच आहोत. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, आणि या मेहुण्याला तर अंगणही दिसत नाही.

११ मार्च, सकाळी
ठरलं. पाठ धरली म्हणून कळवायचं आणि घरी बसायचं. नायकच नाही तर एपिसोड कसा होणार? आठवडाभरात मेहुण्याचा पत्ता कट. नाक दाबलं की तोंड उघडतं.

दुपारी
कळवलं. दिग्दर्शक म्हणाला, सावकाश बरे व्हा. आवाज अगदी शांत. हादरला की माणसाचा होतो तसा.

१३ मार्च
फोन नाही. तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न पडला असेल बिचाऱ्यांना.

१४ मार्च
मेकअपवाल्याला फोन केला, सहजच. शूटिंग जोरात चालू आहे म्हणे. माझ्या पात्राला अपघात झालाय. अंगभर प्लास्टर, तोंडाला बँडेज, फक्त पायाचा अंगठा मोकळा. आत कोण, विचारलं. मेहुणाच. सकाळी स्वतःचे सीन करतो, दुपारी प्लास्टरमध्ये शिरतो.
उत्तम. करू दे अंगठ्याने अभिनय. आता पडेल उघडा.

१८ मार्च
पाठ ठणठणीत झाल्याचं कळवलं. दिग्दर्शक म्हणाला, अजिबात घाई करू नका. किती जपतात मला.

२० मार्च, संध्याकाळी
एपिसोड लागला. मी बघितला नाही.
बघितला. अंगठा ओव्हरॲक्टिंग करतो.
संपताच आईचा फोन. पाच वर्षांत तिने एक एपिसोड चुकवलेला नाही. हसून हसून तिला धड बोलता येईना. म्हणाली, "इतकी वर्षं मुलाचं काम म्हणून बघत होते रे. आज पहिल्यांदा खरंच हसले. अंगठा काय हलवलास!"
काळजाला घरं पडली. खरं सांगणारच होतो, तेवढ्यात ती पुन्हा हसायला लागली.
म्हणालो, प्रॅक्टिस लागते.