भय्यासाहेब पोतनीसांची घरवापसी

५ जानेवारी २०२६, सोमवार. सकाळी ७.४०

पक्षात परत जायचा निर्णय पक्का केला. पक्षाला अजून सांगितलेलं नाही.

अडीच वर्षं झाली पक्ष सोडून. १४ ऑगस्ट २०२३. सहा पानी राजीनामा, भोपाळला प्रदेश कार्यालयात रजिस्टर्ड पोस्टाने. एकेकाचं नाव घेऊन लिहिला होता. उत्तर आलं नाही. देणार काय? त्याच संध्याकाळी इथे उज्जैनला, फ्रीगंजमध्ये पत्रकारांना बोलावलं. तो नेमका श्रावणातला सवारीचा सोमवार निघाला. सगळे महाकालच्या पालखीच्या सवारीत. एक आला, तो बाजूच्या हॉलमधल्या बॅडमिंटनच्या बक्षीस समारंभासाठी. तरी दोन समोसे संपेपर्यंत त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

तेव्हापासून पक्षातल्या एकाचीही मला बोलवायची हिंमत झालेली नाही. व्हॉट्सॲप ग्रुप सोडला, तर दुसऱ्या दिवशी परत ॲड केलं. मनधरणीच ती. मी दाद दिली नाही.

पण राग किती दिवस धरायचा? जनतेचाही विचार करायला हवा. २००८ ते २०१३ पाच वर्षं मी त्यांचा विधायक, म्हणजे आमदार होतो. सवय लागते लोकांना.

संकल्प: रोज पाचला उठणे. फिरायला जाणे. शेव बंद. सगळ्यांशी हसून बोलणे.

७ जानेवारी, बुधवार

पावणेआठला उठलो. थंडी फार. पाच हा टाइम उन्हाळ्यासाठी ठीक आहे.

अहल्येला बातमी दिली. वाटाणे सोलत होती. म्हणाली, आधी विचारून घ्या त्यांना, तुम्ही पाहिजे आहात का. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं की माणसाला असं वाटतं, प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते. राजकारणात आधी जाहीर करतात, मग विचारतात.

दुपारी तिच्याबरोबर बँकेत गेलो. मॅनेजर खुर्चीतून उठून उभा राहिला. मी हाताने खूण केली, बसा बसा. तो म्हणाला, मॅडमनी मला नववीत व्याकरण शिकवलं आहे. शिकवलं असेल. पण उठला तेव्हा नजर माझ्याकडे होती.

१० जानेवारी, शनिवार

भैरवगढला माणिककडे गेलो. माझ्या तिन्ही निवडणुका याने लढवल्या. एक जिंकली, दोन ईव्हीएममध्ये गेल्या. आता छपाईचा कारखाना सांभाळतो. चादरींवर ठसे मारत होता. मला बघून हात पुसले, स्टूल दिलं.

त्याला योजना सांगितली. उज्जैनहून भोपाळपर्यंत काफिला. १०१ गाड्या. प्रदेशाध्यक्षांच्या हस्ते मंचावर पक्षाचा दुपट्टा गळ्यात. त्याने विचारलं, गाड्यांत बसणार कोण? हा प्रश्न मी त्याच्यावरच सोपवला. म्हणाला, मी येईनच भैया, बाकीचं बघतो.

माणिक एकटा हजारांच्या बरोबर आहे. म्हणजे आजच हजार झाले.

परत येताना अर्धा पाव शेव घेतली. पाहुण्यांसाठी.

१२ जानेवारी, सोमवार

जिल्हाध्यक्षांना फोन लावला. तुषार नावाचा छत्तीस वर्षांचा पोरगा आहे. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. मेसेज टाकला: ‘अत्यंत गोपनीय आणि पक्षहिताचा विषय.’ चार तासांनी जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

हात जोडले. म्हणजे विनंतीच करतोय.

लेटरहेड छापायला दिलं. ‘विधायक’ मोठ्या अक्षरात, ‘पूर्व’, म्हणजे माजी, बारीक. प्रूफ घरी आणलं तर नात अपूर्वा, आठ वर्षांची, इंदूरहून आली होती. म्हणाली, आजोबा, तुम्ही पूर्व विधायक, मग पश्चिम कोण आहे? सगळे हसले. सून पल्लवी तर आत निघून गेली. मी प्रिंटरला सांगितलं, ‘पूर्व’ आणखी बारीक करा.

१८ जानेवारी, रविवार

तुषारला भेटलो. फ्रीगंजच्या कार्यालयात दीड तास बसलो. चहा दोनदा आला, एकदा माझ्यासाठी.

पाया पडायला वाकला, गुडघ्यापर्यंत आला. कंबरेचा त्रास असावा. मी सांगितलं, झालं गेलं विसरून परत यायला तयार आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “वापस? कहाँ से, काकाजी?”

मुरलेला आहे. जसं काही घडलंच नाही. मीही मग जुनं उकरून काढलं नाही. माझ्या तीन अटी सांगितल्या: प्रदेश उपाध्यक्षपद, पुढचं तिकीट, आणि बॅनरवर फोटो डाव्या बाजूने. उजव्या बाजूने नाक मोठं दिसतं. तिसरी अट त्याने लगेच मान्य केली. बाकीचं भोपाळलाच बोला म्हणाला. ११ फेब्रुवारीला तिथे मोठा कार्यक्रम आहे, बरेच लोक येतायत पक्षात.

म्हणजे मला ११ तारीख दिली.

२५ जानेवारी, रविवार

माणिकचा फोन. १०१ गाड्या जमणं कठीण आहे. मी म्हटलं, २१ कर. संख्येपेक्षा शिस्त महत्त्वाची. काफिला फार लांब झाला तर जनतेला त्रास होतो.

फिरणं उद्यापासून.

३१ जानेवारी, शनिवार

भाषण तयार. पन्नास मिनिटं. कपाटाच्या आरशासमोर म्हणून बघितलं. अहल्येने ऐकलं. लाल पेन घेऊन बसली होती. मी राजीनाम्यात लिहिलं होतं ‘हा पक्ष बुडणारी नाव आहे’, आणि भाषणात म्हणतो ‘हा पक्ष माझी आई आहे’. तिने राजीनाम्याची प्रत शेजारी ठेवून दोन्ही वाक्यांखाली रेघ ओढली. म्हणाली, दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत.

तिला राजकारण कळत नाही. पण हिंदीच्या सतरा चुका काढल्या, त्या सुधारून घेतल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाड्या पाच. लग्नसराई आहे, सगळ्या वरातीत गेल्या. माणसं तर तयार आहेत असं माणिक म्हणतो. कोणती, ते विचारलं नाही. कार्यकर्त्यावर अविश्वास दाखवायचा नसतो.

मुलाला, शैलेंद्रला, फोन केला. त्याची गाडी मागितली. म्हणाला, बाबा, तुम्ही खरंच जाणार आहात का? मग म्हणाला, गाडी आणि ड्रायव्हर पाठवतो, तुम्ही मफलर घ्या.

मुलगा भावुक झाला. वडिलांचं पुनरागमन म्हटल्यावर होणारच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गाडी एक. मीच ठरवलं. साधेपणाचा संदेश जातो.

जाकीट इस्त्री केलं. बटण लागत नाही. उघडंच घालणार, त्यात जोश दिसतो. अकरा किलोचा हार सांगितला आहे, प्रदेशाध्यक्षांनी घालायला. त्यांना ऐनवेळी हार कुठून मिळणार?

११ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी, परतीच्या वाटेवर आष्ट्याच्या ढाब्यावर

जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

सकाळी सहाला निघालो. मी, माणिक, ड्रायव्हर. हार मागच्या सीटवर, आम्ही दोघे त्याच्या दोन बाजूंना. सोनकच्छला पोहे खाल्ले. भोपाळला साडेदहाला पोचलो. कार्यालयाबाहेर दोनतीनशे गाड्या. माणिकला म्हटलं, आपल्यासोबतच आल्या असं धरायला हरकत नाही.

पक्षात येणाऱ्यांची रांग होती. टेबलावर एक मॅडम कॉम्प्युटर घेऊन बसलेल्या. नाव सांगितलं, लेटरहेड दिलं. त्यांनी टाइप केलं, परत टाइप केलं. मग म्हणाल्या, “सर, आप तो सदस्य हैं। 1991 से। आपको जॉइन कैसे कराएँ?”

मी म्हटलं, मी राजीनामा दिला आहे. त्या म्हणाल्या, इथे तसं काही दिसत नाही. मी म्हटलं, सहा पानी होता. रांगेतले लोक बघायला लागले. माझ्या मागे नागद्याचा एक माणूस होता, म्हणाला, दादा, तुमचं झालेलंच आहे तर बाजूला व्हा ना.

मग आतून कार्यालय मंत्री, म्हणजे कार्यालयाचे चिटणीस, आले. सुहासजी. ग्वाल्हेरचे, मराठी, तीस वर्षं तिथेच. मला आत नेलं, बसवलं, पाणी दिलं. तारीख विचारली. लोखंडी कपाट उघडून गठ्ठे काढत राहिले. वीसेक मिनिटं लागली. माणिक दाराशी हार घेऊन उभा.

लिफाफा सापडला. शुभेच्छापत्रांच्या गठ्ठ्यात होता. माझंच चुकलं. त्या दिवशी घरात मोठा लिफाफा नव्हता, दिवाळीचे छापून उरलेले होते, त्यातला एक घेतला होता. वर सोनेरी अक्षरात ‘शुभ दीपावली’ आणि माझं नाव. त्यांनी दिवाळीच्या गठ्ठ्यात लावून ठेवला. फोडलेलाच नव्हता.

म्हणजे अडीच वर्षं मी पक्ष सोडलेलाच नव्हता. मी नसल्याचं कोणाला कळलंच नाही. मी असताना तरी काय कळत होतं, हा विचार मनात आला. तो लगेच काढून टाकला.

सुहासजींनी दार लोटलं. टेबलावरचा लिफाफा माझ्याकडे सरकवला आणि मराठीत, हळू आवाजात विचारलं, “भय्यासाहेब, फोडू का? फोडला तर आत काय आहे ते समितीपुढे ठेवावं लागेल. राजीनामा मंजूर होईल. मग वर्षा-दोन वर्षांनी तुम्हाला रीतसर प्रवेश घेता येईल, मंचावर, दुपट्टा घालून.”

बाहेर भाषणं सुरू झाली होती. एकेकाचं नाव पुकारत होते, टाळ्या पडत होत्या. नागद्यावाल्याचंही नाव आलं. मला सहा पानं आठवत होती. चौथ्या पानावर आताच्या प्रदेशाध्यक्षांबद्दल काय लिहिलंय तेही आठवलं.

मी म्हटलं, “नको. दिवाळीच्या शुभेच्छाच आहेत.”

त्यांनी मान हलवली. लिफाफा होता तिथेच परत ठेवला. म्हणाले, छान पाठवला होता, आजकाल छापील कोण पाठवतं. मला चहा पाजला. चांगला माणूस.

बाहेर आलो. माणिकने हार परत मागच्या सीटवर ठेवला. इथे आष्ट्याला उतरल्यावर मात्र पार्किंगमध्ये म्हणाला, भैया, फुलं सुकून जातील. आणि हार माझ्या गळ्यात घातला. ड्रायव्हरने फोटो काढला. अकरा किलो म्हणजे फार असतात. मानेला लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानेच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. पक्षाने मला एक दिवसही जाऊ दिलं नव्हतं, असाही याचा अर्थ होतो. किती जणांच्या वाट्याला येतं हे?

शेजारच्यांनी विचारलं, काल भोपाळला काय झालं. मी म्हटलं, घरच्या माणसाचं काय स्वागत करायचं. अहल्येला सगळं सांगितलं, लिफाफ्याचंसुद्धा. हसेल वाटलं होतं. हसली नाही. गरम पाण्याची पिशवी भरून आणली, मानेखाली ठेवली.

आष्ट्याचा फोटो ग्रुपवर टाकला. जोडलेल्या हातांची चार चित्रं आली. एक वाढदिवसाचा केकही आला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तुषारचा फोन आला. त्याने स्वतः लावला. भोपाळहून त्याला कळलं होतं की काकाजींना काम हवं आहे. जबाबदारी दिली. संघटनात्मक आहे. मतदार यादीचं एक पान, माधव नगरमधली आमचीच गल्ली. घरोघर जाऊन मतं पक्की करायची आणि नावापुढे खूण करायची. पूर्वी माझ्याकडे दोन लाख मतदार होते. आता एकतीस. पण एकतीसच्या एकतीस पूर्ण माझे.

२२ फेब्रुवारी, रविवार

कामाला लागलो. नवं पेन, वही.

पहिली चार घरं बंद. पाचव्यात भाडेकरू, मत रतलामला. सहाव्यात त्यांनी मला पॉलिसीवाले पोतनीस समजून दोन प्रश्न विचारले, माहिती होती तेवढी उत्तरं दिली. सातव्यात आजींनी बसवून घेतलं, अहल्याबाईंची तब्येत विचारली, त्यांना घेऊन या म्हणाल्या. मताचं विचारलं तर म्हणाल्या, बाई सांगतील तसं.

बाराच्या उन्हात घरी आलो. आमचंही घर यादीत आहे. मतदार दोन. माझ्या नावापुढे खूण केली. मग पेन उघडंच ठेवून स्वयंपाकघरात जाऊन अहल्येला मताचं रीतसर विचारलं.

म्हणाली, अजून वेळ आहे, विचार करून सांगते.