उपवासात उचललेला हात

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार — ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस

आज मी आईंवर हात उचलला.

कपाळावरची राखसुद्धा पुसली नव्हती. देवळातून आले, पेज करून भरवायला बसले, तर सासूबाईंनी डाव्या हाताने वाटीच भिरकावली. आत्ताच बदललेली चादर, माझी साडी, भिंत — सगळीकडे पेज! दिवाळीत लकवा मारला तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. "काहून असं करता हो तुमी?" मी ओरडले. आणि गालावर — एकच. पण जोरात.

रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. रडले मी, स्वयंपाकघरात जाऊन.

संध्याकाळी हे बाजार समितीतून आले. मापारी माणूस, दिवसभर सोयाबीन मोजत धुळीत. "माय जेवली का?" मी हो म्हटलं. खोटं!

७ मार्च

चहा सोडला. मटण-मच्छी तर ईस्टरपर्यंत नाहीच. डोकं ठणकतंय. पण हे सगळं सोपं आहे.

आई माझ्या हातून तोंड उघडत नाहीत. यांनी भरवलं तर कसेबसे चार घास घेतात.

१२ मार्च

शेजारच्या सरवरीभाभी कढीपत्ता मागायला आल्या. रोजा, तरी चेहरा हसरा. जाताना दारात थांबल्या. "तनुजा, भिंत एकच आहे आपली. मले ऐकू येते."

"टीव्ही असंल भाभी."

"हां. टीव्हीच असंल." माझा हात दाबला आणि गेल्या.

जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

१६ मार्च, रविवार

फादर महिन्यातून दोनदा रिसोडला येतात. आज कन्फेशनला बसले. सगळं सांगितलं, अडखळत.

"माफी कुणाची मागितलीस?"

"देवाची."

"मार देवाला लागला का?"



१७ मार्च

मागितली. हे कामावर गेल्यावर खाटेशी जमिनीवर बसले, पाय धरले. "आई, चुकलं माझं. माफ करा मले."

त्यांनी डोळे मिटले. मान भिंतीकडे.

माफ केलं? नाही केलं? ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं कसं कळावं! भीतीच वाटत असेल माझी. उठून जाता येत नाही, कुणाला सांगता येत नाही. मारणारीच पाणी पाजते.

२४ मार्च

पुन्हा.

मारलं नाही. पण कूस बदलताना खांद्याला धरून हिसका दिला. कण्हल्या. सकाळपासून तीन चादरी धुतल्या होत्या, नळ गेला होता, ऊन — कारणं कसली लिहितेय मी! इतके दिवस उपास, इतकी प्रार्थना, आणि आत काहीच हललेलं नाही. देवा, माझ्याच्यानं होत नाही. मला धर. मी स्वतःला धरू शकत नाही.

३१ मार्च

ईद. सरवरीभाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. खाटेवर बसून स्वतः आईंना भरवला. आई गिळत होत्या! मी दारात उभी. हेवा वाटला — भरवणाऱ्या बाईचा!

जाताना म्हणाल्या, "दुपारी मी बसत जाईन इथं. तू जरा झोपत जा. अन् गजेंद्रभाऊले सांगून टाक. मी नाही सांगणार."

टीव्ही नव्हता हे त्यांना माहीतच होतं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार (पाम संडे)

भाभी खरंच रोज येतात. मी तेवढी झोपते. हात पुन्हा उचलला नाही. पण यात माझं काय? झोप मिळते म्हणून.

यांना सांगवत नाही. परवा फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "माह्या मायचं समदं तनुजाच करते." मी मोरीत जाऊन उभी राहिले.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

सांगितलं.

देवळातून आलो. आईंजवळ बसलेल्या भाभी घरी गेल्या. पाणीही न पिता बोलून टाकलं — "मी आईले मारलं. राखेच्या बुधवारी. नंतर एकदा हिसकाही दिला."

ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. भिंतीला टेकून बसले. मग चपला घातल्या आणि निघून गेले. अंधार पडल्यावर आले.

१९ एप्रिल

बोलत नाहीत. जेवत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. कामरगावला माहेरी पाठवणार बहुतेक. पाठवोत. पण आईंचं कोण करणार?

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर)

देवळात जायला साडी नेसत होते. हे दारात येऊन उभे. आंघोळ नाही, दाढी नाही.

"तू जा. मले तोंड नाही तिथं जायाले."

"मारलं मी. तुमी कायले—"

"तुह्या आधी मी मारलं तिले. दिवाळीपासून. तू नळावर पाण्याले गेली की माहा हात उठे." उंबऱ्यातच खाली बसले.

मीही बसले. देवळाची घंटा होऊन गेली. मग यांचा हात धरून आत, आईंच्या खाटेपाशी नेलं.

त्या जाग्या होत्या. सगळं ऐकलं होतं.