बिनकुसळाच्या बियाण्याबद्दल साळेबुवांस

मु. नाकाडोंगरी, ता. तुमसर
२८ नोव्हेंबर १९७८

श्री. खुशालभाऊ, मु. लाखांदूर, यांस तुमचे भाऊजी गोमाजी यांचा रामराम. वि. वि. तुमच्या गुडघ्याले आराम पडला असन (नसन पडला तरी आज मी हळहळत नाही). सासूबाईले दंडवत, लेकराले आशीर्वाद. तुमच्यासाठी आशीर्वाद सध्या शिल्लक नाही. इकडचं क्षेमकुशल विचारू नका. विचारलं तर मी सांगन, अन् सांगाले लागलो तर थांबणार नाही. थांबत नाहीच म्हणा, हे पत्र त्याचसाठी आहे.

गेल्या वैशाखात तुम्ही एसटीच्या टपावरून धानाच्या बियाण्याचं पोतं उतरवलं, आमच्या ओसरीत बसले, अन् आमच्या कुसळाच्या धानाले हसले. (आम्ही दिलेल्या त्याच धानाच्या दिवाळीच्या तोरणाले तर आधीच हसून झालं होतं.) त्या धानाच्या दाण्यादाण्यावर बोटभर कुसळ असते, तुमाले टोचलं होतं, आठवते? मले तेव्हा वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. म्हणे, भाऊजी, कोणत्या जमान्यातलं धान घेऊन बसले, मळताना अंगाले खाज, हातात कुसळं. हे बुटकं पेरा, दाणा कसा गुळगुळीत, लाखांदुरात दुप्पट पिकते. पिकत असन ना बाप्पा! लाखांदुरात पिकते म्हणून नाकाडोंगरीत टिकन, हे तुमाले कोणी सांगतलं?

पिकलं, खोटं कायले बोलू? दसऱ्याले शेताच्या एकाही बांधीत पाय ठेवाले जागा नव्हती. टिकाराम पाटलानं (ज्यानं जन्मात माझं काही चांगलं म्हटलं नाही) शेताच्या धुऱ्यावर उभं राहून 'बरं आहे' म्हटलं. तेव्हाच मले शंका याले पाहिजे होती. दिवाळीच्या चार दिवस आधी सकाळी इळा घेऊन गेलो, तर चारही बांध्या आडव्या. रानडुकरं! अख्खा कळप जेवून गेला होता, अन् जेवण झाल्यावर तिथंच लोळला होता. धान बुटकं, म्हणजे बरोबर डुकराच्या तोंडाच्या उंचीचं. दाणा गुळगुळीत, म्हणजे घशात अडकाचं काम नाही. सोयऱ्याले पाट मांडून द्यावा तशी सोय आपण करून ठेवली. आमच्या बापाच्या काळापासून हीच डुकरं येत होती, पण कुसळाच्या धानात तोंड घातलं की नाकात कुसळ जाये, मग शिंकत, फुरफुरत, शिव्या देत परत जंगलात. (शिव्या बापानं दिल्या असतील.) त्या सकाळी मले धुऱ्यावर बसून रडू आलं. हे तुमच्या बहिणीले कळू देऊ नका.

तुमाले हे कसं कळन म्हणा! तुम्ही वैनगंगेच्या अंगानं राहता. तिथं गाळाची जमीन, बारमाही ओल, चोहीकडे धानच धान, डुक्कर शोधून सापडत नाही. तिथल्या झाडाचा पाला शेळीनं खाल्ला तर आठ दिवसांत दुसरा फुटते, त्याले राग कायले येईन? इथं मुरूम अन् गोटे. होळीनंतर विहिरीत बादली तळाले आपटते. एक पान गेलं तर दुसरं पुढच्या पावसाळ्याशिवाय येत नाही, अन् वरतून शेळ्या, हरणं, डुकरं टपून बसलेले. म्हणून इथलं बोर पाहा, खैर पाहा, हिवर पाहा, सगळ्यांनी काटे काढले. कुड्याले काटा जमला नाही, तर त्यानं पाला असा कडू केला की शेळी हुंगून पुढं जाते. आमच्या धानानंही इथंच राहून कुसळ धरलं, बापानं ते फक्त सांभाळलं. मी चौथी नापास, पण मले हे दिसते. तुम्ही मॅट्रिक. (तुमची बहीण पुष्पा म्हणते, इथल्या माणसालेही काटे आहेत. असतील. मी इथंच वाढलो.)

आता पुढच्या पावसाळ्यात मी पेरू काय? तुमचं बुटकं पेरलं तर डुकरं तेव्हा लेकरंबाळं घेऊन येतील. जुनं बियाणं घरात दाणाभर नाही. गावातही नाही, कारण जंगलाले लागून शेती माझी एकट्याची, बाकीच्यांनी कुसळाचं धान कधीच सोडलं. बापाच्या हातचं बियाणं माझ्या हातानं बुडालं, अन् ते तुमच्यामुळं बुडालं. मले पुन्हा तोंड दाखवू नका.

तुमचा (नाइलाजानं) भाऊजी,
गोमाजी

ता. क. पत्र पुष्पाले वाचून दाखवा लागलं (धुऱ्यावरचं सोडून). ती म्हणते, खरं ते लिहा, नाहीतर पेटीत टाकू देत नाही. तर खरं असं, की तुम्ही म्हटलं होतं, आधी एका बांधीत पेरून पाहा, जुनं बियाणं जपून ठेवा. चारही बांध्या मीच पेरल्या. अन् जुनं बियाणं कांडून आखाडीले पाहुण्यांच्या पानात त्याचा भात मीच वाढला. त्या पाहुण्यांत तुम्हीही होते, दोनदा मागून घेतला.

ता. क. मुद्द्याचं राहूनच गेलं. गेल्या सालच्या दिवाळीत पुष्पानं कुसळाच्या लोंब्यांचं तोरण विणून तुमच्या दाराले दिलं होतं, चिमण्यांसाठी. तुम्ही वर्षभर चिडवलं, की भाऊजीच्या तोरणाले चिमणीही शिवत नाही. यंदा भाऊबीजेले पुष्पा पाहून आली. अजून तसंच टांगून आहे, दाणा हलला नाही. खुशालभाऊ, जगात आता आमचं बियाणं तेवढंच आहे. त्याले हात लावू नका, झटकू नका, भिंत सारवताना काढू नका. ओंजळभर निघन. ओंजळीची बांधी व्हाले तीन साल लागतील, ते मी पाहतो.

ता. क. तोंड दाखवू नका, हे लिहिलेलं खोडत नाही. तोरण न्याले मीच येऊन राहिलो, शुक्रवारच्या गाडीनं. माझ्याशी बोलू नका, पाणीही विचारू नका, पण तोवर तोरणाखाली कोंबड्या फिरू देऊ नका. चिमण्यांनी नुसतं पाहून सोडलं, पण कोंबडीचा मले भरवसा नाही. ती लाखांदूरची आहे, तिले कुसळ माहीत नाही.