माहेर निघालं रावेरला

वाघदरे, ता. साक्री
९ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतिकास, आजीचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यात कालवलेला थोडा राग.

फोनवर तू हो-हो करतेस आणि ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून तुझ्या बापाला समोर बसवून हे सांगते आहे. मला लिहिता येत नाही हे बरंच आहे. चुका निघाल्या तर हेमराजच्या. त्याने आत्ता मान वर करून बघितलं. लिही रे, तेही लिही.

दिवाळीला आलीस आणि तू कामासाठी केलेला धुळे-जळगावचा तो नकाशा ओसरीवर अंथरलास. महिन्याच्या आत बाळं जिथे जास्त दगावतात तिथे गडद रंग, असं सांगितलंस. रावेरचा केळीपट्टा कसा फिकट, नवरीच्या हळदीसारखा! आणि आमचा डोंगर भरताच्या वांग्यासारखा काळाजांभळा. मी विचारलं की हा नकाशा बाळांचा आहे की बँकेच्या पासबुकांचा. तू हसली नाहीस, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मनात आहे. आणि संध्याकाळी तू ते बोललीस, की सारिकाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणू नका.

अगं, तुझी सख्खी धाकटी बहीण आहे ती. लग्नात तिच्या सासरच्या पाहुण्यांनी आपल्या पंगतीतलं पातळ वरण बघून नाकं मुरडली होती. केळीवाले लोक, त्यांच्याकडे तूपच वाहतं. आता पहिलं बाळंतपणही त्यांच्याच दारात ठेवलं तर हेमराजला लेकीसाठी डिंकाचे लाडूही झेपले नाहीत, असं सगळीकडे होईल. त्याचं पेन बघ कसं रुततंय कागदात.

मलाही कळतं गं. माझी दोन गेली, नाव ठेवायच्या आधीच. ती तुझ्या नकाशात नसतील, कोणी विचारायलाच आलं नव्हतं. उरली ती जगली. त्यांतला एक समोर बसलाय आणि खाटेला त्याचं वजन पेलत नाही. तेव्हा पोरीला मी आणणार. खारीक-खोबरं आणून ठेवलंय.

माया आटवू नकोस. नकाशा हवा तर गुंडाळून ठेव.

तुझी आजी
ताईबाई (अंगठा)


जळगाव
१५ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस, ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

राग पोचला, आबांच्या ठळक अक्षरात पोचला. पण आता माझंही ऐक, आणि आबांना म्हणावं की मधलं काही गाळू नका.

तू पासबुकाचं बोललीस ते डोक्यातून जाईना. म्हणून गेला आठवडाभर मी डोंगराकडच्या त्या गडद गावांतल्या आयांना फोन करत होते. कितीतरी जणी तिथल्या नव्हत्याच गं! कोणी पाचोऱ्याला दिलेली, कोणी दोंडाईच्याच्या दुकानदाराची सून, एक तर सारिकासारखी रावेरची. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेल्या. भरल्या घरातलं बाळ आपल्या दरीत येऊन दगावलं आणि मी ते दरीच्या नावावर मांडलं. इतकी शिकले, पण पहिलटकरीण माहेरी जाते एवढं साधं मी धरलं नव्हतं.

पण त्याने माझा नकाशा खोटा ठरत नाही. नुसता घरातला पैसा बाळाला वाचवत नाही. तो आसपास रस्ता होऊन, गाडी होऊन, डॉक्टर होऊन, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी होऊन उभा असावा लागतो. सून माहेरी निघते तेव्हा यातलं काहीच तिच्याबरोबर येत नाही. तुझ्या हातांत खोट नाही, आजी. हात लगेच पोचतात, पेटी पोचत नाही.

आता खरं सांगते. सारिकाचं बीपी वाढतंय आणि बाळाची वाढ कमी आहे. रावेरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की ते वेळेआधी येऊ शकतं. वाघदऱ्याहून पेटीपर्यंत जायचं तर आधी जीप मिळायला हवी, मग घाट. तेवढा वेळ अशा बाळाकडे नसतो.

सारिका मात्र तुझ्यासाठी झुरते आहे. फोनवर रडत होती की सासरी दहाव्या दिवशी बागेतल्या मजुरांच्या भाकरी थापायला उठावं लागेल. मला दोन्हीकडचं पटतं, म्हणून झोप लागत नाही.

आबांना नमस्कार. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण तिला आणू नका.

तुमची
ऋतिका


वाघदरे
२० नोव्हेंबर २०२४

चि. ऋतिकास, आशीर्वाद. या वेळी राग नाही, काम आहे.

तुझं पत्र हेमराजने वाचलं, मी पुन्हा वाचायला लावलं. सुनेबरोबर यातलं काहीच येत नाही, तिथे तो दोन्ही वेळा अडखळला.  मग दोन दिवस मी विचार केला.

पोरीने माहेरी यावं की येऊ नये, एवढ्यावरच आपण सगळे अडून बसलो होतो. माहेराने उठून तिच्याकडे जावं, हे कोणाच्या टाळक्यात आलं नाही. बाळंतपण काय या भिंती करतात? ते मी करते, आणि मला पाय आहेत. गुडघे कुरकुरतात, त्यांना कुरकुरू दे.

हेमराज म्हणाला की व्याह्यांच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे उरलेलं नाकही जायचं. मी म्हटलं, त्यांच्या घरी कोण मरायला जातंय! रावेरच्या त्या पेटीवाल्या दवाखान्याच्या समोरच एक खोली बघायची. चूल आपली, पीठ आपलं, मीठसुद्धा आपलं. तिथे सारिकाची रीतसर पाठवणी करून घ्यायची. तो म्हणाला की असं कोणी करत नाही. मी म्हटलं, मग आपण करू. एवढं लिहायला तो तयार नव्हता. सरपंचाकडून लिहून घेईन म्हटल्यावर लिहितोय.

तेव्हा तू खोली शोध. जिना फार उंच नको, आणि मालकीण बोलकी असू दे.

बाकी सर्व कुशल. मका मळून झाला. तुझ्यावरची माया पहिल्यासारखीच, वर थोडी अधिक.

ताईबाई (अंगठा)


रावेर
८ डिसेंबर २०२४

चि. ऋतिकास, भाड्याच्या माहेराहून आशीर्वाद.

दोंडाईच्याला आम्ही गाडीत चढलो तेव्हा गोधड्या, शेगडी, परात, डिंक, बाळंतशेपा आणि हेमराज, एवढं सामान होतं. तिकीट तपासणारा म्हणाला की आजी, घर बदललं का? मी म्हटलं, माहेर हलवतेय. तो भुसावळ येईपर्यंत दर खेपेला येऊन हसून गेला.

खोली नामी शोधलीस. खाली भिकमचंद शेठचं किराणा दुकान, वर आम्ही, समोर दवाखान्याची पाटी. शेठाणी सुगनबाई माझ्याच वयाची आहे. तिला फक्त बोलायला माणूस हवं होतं, आता तिची हौस फिटेल. पहिल्याच दिवशी बजावलं की वर कांदा-लसूण शिजवायचा नाही. मी म्हटलं, बाई, मग शेवभाजी काय नुसती नजरेने फोडणीला घालू? दोघींत ठरलं की खिडकी उघडी ठेवायची आणि तिने तेवढा वेळ देवळात जायचं. ती हल्ली देवळातून लवकरच परतते आणि जिन्यात रेंगाळते.

सारिकाची सासू कामिनीबाई पाच फळांनी ओटी भरून सारिकाला घेऊन आली. खोलीभर नजर फिरवली, त्याला फार वेळ लागला नाही. म्हणाली की आमच्या बंगल्यात अकरा खोल्या रिकाम्या असताना हे कशाला. मी म्हटलं, विहीणबाई, तुमच्या अकरा खोल्यांत आमची पोरगी सून असते, या एकीत ती लेक आहे. तिने पदर सारखा केला. पण चहा घेतला, तोही दोनदा.

सारिकाचे पाय सुजलेत. बाई रोज तपासतात, रस्ता ओलांडला की झालं. झोपते मात्र गाढ, शाळेत असताना झोपायची तशी.

येत जा. तुझी वाट बघणारी,
ताईबाई (अंगठा)


जळगाव
२३ डिसेंबर २०२४

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

परवा सारिकाला घाईने आत नेलं आणि पोरगी एवढ्या लवकर बाहेर आली की मी पोचले तेव्हा ती पेटीत होती. मला निघावंच लागलं, पण डोळ्यांसमोर तेच आहे. केळफुलाएवढा जीव, छातीचा पिंजरा भात्यासारखा हलणारा. आजवर मी असे जीव कागदावरच मोजले, आजी. काचेपलीकडे माझी भाची असेल असं कधी वाटलं नव्हतं.

फोनवर आबा सगळं ठीक आहे एवढंच म्हणतात. ते माझं मन राखायला बोलतात. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुझ्याकडून हवं. कशी आहे ती?

तुमची
ऋतिका


रावेर
२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतिकास, आजीचे आणि एका नव्या बाईसाहेबांचे आशीर्वाद. त्या आत्ता माझ्या मांडीवर मूठ चोखत आहेत.

तुझ्या पत्राला उत्तर धाडलं नाही, कारण खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की हिने पहिला आठवडा काढू दे, मग बोलू. हिने तो काढला. मला वाटलं, आता आंघोळ घालून, तेल लावून पोर हातात घ्यावी. नर्सने मला असं फटकारलं की मी गप्प बसले. माझं गप्प बसणं बघायला सुगनबाई मुद्दाम जिना उतरून आली.

पेटीतून काढल्यावर नर्स म्हणाली की हिला आता माणसाच्या उघड्या छातीशी धरायचं, दिवसभर, वरून पांघरूण. सारिका थकली की मी. मी थकले की जावई ललित. मग कामिनीबाई आली, जरीचं पातळ उतरवून साध्या लुगड्यात. विचारलं नाही, सांगितलं नाही, पोर घेऊन भिंतीला टेकून बसली. बसल्या बसल्या मला म्हणाली की बागेतल्या मजुरांच्या भाकरींना बाई लावली आहे. मी आपलं छताकडे बघून घेतलं.

आणि तुझा बाप! मिशीवाल्या गड्याने सदरा उघडा टाकून बसायचं म्हणजे काय, म्हणून लाजत होता. नर्सने स्वतः गुंड्या सोडल्या. त्यानंतर ललितची पाळी आली तरी हा उठेना. पोरगी जागी होईल म्हणून शिंकही दाबून ठेवली. हे लिहिताना तो हसतोय आणि शाई फाकते आहे.

वजन चढलं गं! डॉक्टरांनी काल सुट्टी दिली. आज या खोलीतच बारसं केलं. रावेरची जरीकाठी आणि वाघदऱ्याची लुगडी, सगळी मांडीला मांडी लावून, अर्धी जिन्यावर. आत्याने रूपा नाव ठेवलं. वरण मी स्वतः केलं, चमचा उभा राहील असं. कामिनीबाईने पुन्हा मागितलं.

मग ती हात जोडून हेमराजसमोर उभी राहिली आणि म्हणाली की दादा, आता आमची लेक आणि नात न्यायला परवानगी द्या. सून नाही म्हणाली, लेक म्हणाली.  त्याच्या आधी मीच म्हटलं, दवाखान्यातले दिवस मी धरत नाही, कालपासून सव्वा महिना झाला की या, तोवर ती आमची.

सुगनबाईला कोणी बियाणं कंपनीवाला या खोलीचं जास्त भाडं देत होता. तिने त्याला सांगितलं की ही खोली आता फक्त माहेरांना द्यायची आहे. आम्ही निघालो की आपल्या गावची सुंदरबाई नातीला घेऊन येते आहे, तिच्या मागे घाटाखालच्या दोघी थांबल्या आहेत. सुंदरबाईला नळ पहाटे येतो आणि शेगडीचा डावा पाय लंगडा आहे, एवढं मी निरोपात कळवलं.

रविवारी ये. काचेशिवाय बघायला. तोवर आमच्यावर लोभ ठेव, आणि मावशीच्या वाट्याचा तिच्यासाठी राखून आण.

तुझी आजी
ताईबाई (अंगठा, शेजारी रूपाच्या पायाचा ठसा, हेमराजने हट्टाने घेतलेला)